एक्सपाथ आणि एक्सएसएलटीमध्ये नोडचा क्रम: मोजायचं कसं, सॉर्ट कधी करायचं आणि गाडी नेमकी कुठे घसरते

एक्सपाथ ही एक्सएमएल फाइलमधला हवा तो भाग शोधायची भाषा, एक्सएसएलटी ही त्या फाइलचं रूप बदलायची, आणि नोड म्हणजे फाइलमधला एकेक तुकडा: एलिमेंट (टॅगने बनलेला भाग), त्याचा ॲट्रिब्यूट (टॅगच्या आतली नोंद) किंवा मजकूर. पहिला नोड मागितला तर दोन-चार आले, आधीचा नोड मागितला तर एकदम सुरुवातीचाच हातात पडला, सॉर्ट टाकलं पण आउटपुट जैसे थे, शेवटच्या नावापुढचा स्वल्पविराम काही केल्या जाईना. एक्सएमएलवर काम करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून ह्याच असतात. कारण आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच "क्रम" म्हणतो: फाइलमध्ये नोड कुठल्या क्रमाने बसलेत, चौकोनी कंसात आकडा टाकल्यावर मोजणी कुठून सुरू होते, आणि उत्तर शेवटी कुठल्या क्रमाने बाहेर येतं. ह्या तीन गोष्टी कधी जुळतात, कधी अजिबात जुळत नाहीत, आणि बिघाड नेमका न जुळणाऱ्या जागी असतो.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. टॅगची नावं मी मराठीत ठेवलीयत आणि एक्सएमएलला ती खरंच चालतात, तशीच कॉपी करून वापरलीत तरी हरकत नाही. पण ॲक्सिस (नोड कुठल्या दिशेने शोधायचे ते सांगणारा शब्द), फंक्शन आणि कीवर्ड इथे फक्त वाचण्यापुरते देवनागरीत आहेत, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा. आणि कोडमधले आकडे कायम 1, 2, 3 असेच टाकायचे, देवनागरी आकडा एक्सपाथला आकडा म्हणून कळत नाही. (ह्याचा एक त्रास शेवटच्या पायरीत येतोच.)

## तयारी: व्हर्जन बघा आणि चुका पकडणारी फाइल बनवा

आधी तुमच्याकडे एक्सपाथ कुठलं आहे ते नक्की करा. 1999 सालच्या १.० मध्ये उत्तर म्हणजे नोडसेट, म्हणजे नुसता गोळा, त्याला स्वतःचा क्रम नाही, आणि एक्सएसएलटी तो गोळा फाइलमधल्या क्रमाने हाताळतं. २००७ साली आलेल्या २.० पासून उत्तर म्हणजे सीक्वेन्स, त्याला क्रम असतो आणि एकच नोड त्यात दोनदाही येऊ शकतो. ब्राउझर, पायथनचं एलएक्सएमएल, लिनक्सवरचं एक्सएसएलटीप्रॉक हे सगळे अजून १.० वरच आहेत. सॅक्सन आणि बेसएक्स नव्या व्हर्जनवर.

तपासणी: `(1, 2)` एवढंच एक्सप्रेशन चालवून बघा. सिंटॅक्स एरर आली तर १.०, दोन आकडे आले तर २.० किंवा पुढचं. नेटवरून उचललेलं उत्तर चालत नाही ह्यामागे बरेचदा एवढंच कारण असतं.

आता टेस्ट फाइल. लोक एकच पालक आणि तीन मुलं असलेली फाइल घेतात आणि तिच्यावर सगळं बरोबर चालतं, कारण चूक दिसायला लागणारी परिस्थितीच त्यात नसते. किमान दोन पालक ठेवा, आकड्यांत एक अंकी आणि दोन अंकी दोन्ही ठेवा, आणि मुद्दाम उलटसुलट ठेवा. आपण ही घेऊ:

```
<वेळापत्रक>
  <मार्ग>
    <थांबा फलाट="9">पुणे</थांबा>
    <थांबा फलाट="2">सातारा</थांबा>
    <थांबा फलाट="10">कराड</थांबा>
    <थांबा फलाट="4">कोल्हापूर</थांबा>
  </मार्ग>
  <मार्ग>
    <थांबा फलाट="3">मुंबई</थांबा>
    <थांबा फलाट="1">पनवेल</थांबा>
    <थांबा फलाट="12">महाड</थांबा>
    <थांबा फलाट="6">चिपळूण</थांबा>
  </मार्ग>
</वेळापत्रक>
```

फलाटांचे आकडे मनाचे आहेत, ते घेऊन स्टँडवर जाऊ नका.

## पायरी १: डॉक्युमेंट ऑर्डर पक्की करा

डॉक्युमेंट ऑर्डर म्हणजे फाइलमधला क्रम, त्याचा नियम सोपा आहे. फाइल वरून खाली वाचत जा, ज्या नोडचं पहिलं अक्षर आधी दिसेल तो नोड आधी. म्हणजे पालक मुलांच्या आधी, आणि एका भावंडाचं अख्खं कुटुंब संपल्याशिवाय पुढचं भावंड येत नाही. आपल्या फाइलमध्ये पहिला मार्ग, मग पुणे ते कोल्हापूर, मग दुसरा मार्ग, मग मुंबई ते चिपळूण.

ॲट्रिब्यूट आपल्या एलिमेंटच्या नंतर पण मुलांच्या आधी येतात. त्यांचा आपसातला क्रम मात्र प्रोसेसरच्या (म्हणजे एक्सपाथ-एक्सएसएलटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मर्जीवर असतो.

सावधान: `@*[1]` लिहून "पहिला ॲट्रिब्यूट" मागू नका. आज तुमच्या मशीनवर बरोबर येईल, उद्या प्रोसेसर बदलला की दुसराच येईल आणि तक्रार करायला जागाही नाही. ॲट्रिब्यूट नेहमी नावानेच मागायचा.

दोन नोडपैकी आधी कोण हे २.० पासून थेट विचारता येतं: `$अ << $ब` हे खरं आलं तर अ आधी. एक्सएसएलटीमध्ये हे चिन्ह तसंच लिहिलं तर फाइलच वाचली जाणार नाही, एस्केप करावं लागतं, त्यापेक्षा बाजू उलटून `$ब >> $अ` लिहा आणि मोकळे व्हा.

## पायरी २: कंस कुठे पडतो ते बघा

`//थांबा[1]` लिहिलं की काय यायला हवं? बहुतेकांना वाटतं फक्त पुणे. येतात दोन: पुणे आणि मुंबई. कारण दोन तिरक्या रेघा म्हणजे "प्रत्येक नोडपाशी जा आणि मग त्याचं मूल बघ" ह्याचा शॉर्टकट आहे आणि [1] चिकटतं त्या शेवटच्या टप्प्याला, म्हणजे हे "प्रत्येक पालकाचा पहिला थांबा" असं वाचलं जातं. ह्याच हिशोबाने `//थांबा[5]` रिकामं येतं, फाइलमध्ये थांबे आठ असले तरी, कारण पाच थांबे असलेला मार्गच नाही.

सगळ्यांतला पहिला हवा असेल तर आधी सगळे गोळा करून मग मोजायचे: `(//थांबा)[1]`. हे फक्त पुणे देतं. `(//थांबा)[5]` म्हणजे मुंबई, आणि `(//थांबा)[लास्ट()]` म्हणजे चिपळूण.

तपासणी: आकडा असलेल्या प्रत्येक एक्सप्रेशनला `काउंट()` लावून बघा. एकच नोड अपेक्षित असताना २ आले तर गोल कंस राहिलाय.

जुन्या एक्सएसएलटीत ही चूक लपून राहते, कारण १.० चं व्हॅल्यू-ऑफ दोन नोड मिळाले तरी पहिल्याचाच मजकूर छापतं. तोच स्टाइलशीट २.० म्हणून चालवला की "पुणे मुंबई" असं एका ओळीत येतं आणि मग सगळे नव्या व्हर्जनला शिव्या घालतात. चूक आधीपासूनच होती, आता फक्त दिसली.

## पायरी ३: मागे बघणाऱ्या ॲक्सिसवर मोजणी उलटी असते

चार ॲक्सिस मागे बघतात: ॲन्सेस्टर, ॲन्सेस्टर-ऑर-सेल्फ, प्रिसीडिंग आणि प्रिसीडिंग-सिब्लिंग. ह्यांच्यावर कंसातली मोजणी आपल्यापासून सुरू होऊन मागे मागे जाते, सर्वात जवळचा तो १ नंबर. उत्तर मात्र बाहेर येतं ते सरळ, फाइलच्याच क्रमाने.

कोल्हापूरच्या नोडवर उभे राहा आणि हे एकेक चालवा:

`प्रिसीडिंग-सिब्लिंग::थांबा[1]` दिलं की कराड. बरोबर, जवळचा.

`(प्रिसीडिंग-सिब्लिंग::थांबा)[1]` दिलं की पुणे. गोल कंसाने ॲक्सिस तिथेच संपली, हातात सरळ रांग आली आणि [1] ने त्या रांगेतला पहिला उचलला.

`प्रिसीडिंग-सिब्लिंग::थांबा[पोझिशन() <= 2]` दिलं की निवडले जातात जवळचे दोन, म्हणजे कराड आणि सातारा, पण छापताना सातारा आधी आणि कराड नंतर. फॉर-ईचमध्ये (नोडवर एकेक करून फिरणारी एक्सएसएलटीची सूचना) हेच दिलंत तर आत पोझिशन() विचारल्यावर साताऱ्याला १ मिळेल, कंसात त्याचा नंबर २ होता तरी. हे एकदा स्वतः चालवून बघाच, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

उलट्या क्रमानेच छापायचं असेल तर २.० मध्ये `रिव्हर्स()` आहे, १.० मध्ये पोझिशन() वर उतरत्या क्रमाचं नंबर सॉर्ट लावायचं.

सावधान: पायरी २ मध्ये "गोल कंस घाला" सांगितलं म्हणून सगळीकडे घालत सुटू नका. `ॲन्सेस्टर::*[1]` म्हणजे लगतचा पालक, आपल्याकडे मार्ग. गोल कंस घातलात की एकदम वेळापत्रकावर पोचाल.

## पायरी ४: रिकाम्या जागाही नोड असतात

शेवटच्या स्वल्पविरामाची भानगड इथे आहे. पहिल्या मार्गाला थांबे चार असले तरी मुलं नऊ आहेत, कारण प्रत्येक टॅगच्या आधी-नंतर जी नवी ओळ आणि स्पेस आहे तिचेही टेक्स्ट नोड बनतात. अप्लाय-टेम्प्लेट्सला (प्रत्येक नोडला त्याचा टेम्प्लेट, म्हणजे साचा, लावणारी सूचना) सिलेक्ट दिलं नाही की तो सगळी मुलं घेतो, मग पुण्याची पोझिशन २, साताऱ्याची ४, कराडची ६, कोल्हापूरची ८ आणि लास्ट() म्हणजे ९. "पोझिशन लास्टएवढी नसेल तर स्वल्पविराम टाक" ही अट कोल्हापूरलाही लागू होते आणि स्वल्पविराम लोंबकळत राहतो. एकाआड एक ओळ रंगवायचा कोडही इथेच फसतो, सगळ्याच पोझिशन सम असल्याने सगळ्या ओळी एकाच रंगाच्या.

उपाय: सिलेक्टमध्ये स्पष्ट `थांबा` लिहा. स्ट्रिप-स्पेस (असे रिकामे नोड काढायची सूचना) लावूनही होतं, पण ते दिलेल्या नावाच्या सगळ्या टॅगांना फाइलभर लागतं आणि मजकुरातल्या टॅगांमधली गरजेची स्पेसही खाऊ शकतं, म्हणून मी तरी सिलेक्टच लिहितो.

काही पार्सर अशा रिकाम्या नोड फाइल वाचतानाच काढून टाकतात. "माझ्या मशीनवर चालतं" वाला वाद बरेचदा ह्यावरूनच पेटतो.

आणि पोझिशन() हा नोडचा गुण नाही. टेम्प्लेटला कोणी आणि कुठल्या यादीतून बोलावलं त्यावर तो आकडा ठरतो, त्यामुळे तोच नोड दोन ठिकाणहून बोलावला तर दोन आकडे येणार.

## पायरी ५: सॉर्ट

फॉर-ईचच्या आत सॉर्ट अगदी पहिलं हवं, त्याच्या आधी काही लिहिलं तर एरर. दोन सॉर्ट लिहिले तर वरचा मुख्य, खालचा फक्त बरोबरी झाली तर.

सॉर्ट काही न सांगता मजकूर म्हणून चालतं. पहिल्या मार्गावर फलाटाने सॉर्ट केलं की 10, 2, 4, 9, म्हणजे कराड, सातारा, कोल्हापूर, पुणे. डेटा-टाइप नंबर दिला की 2, 4, 9, 10, म्हणजे सातारा, कोल्हापूर, पुणे, कराड. एक्सक्वेरीतही (एक्सपाथवरच उभी असलेली क्वेरी लिहायची भाषा) तेच, स्कीमा (डेटाचे प्रकार ठरवणारी व्याख्या) नसेल तर `ऑर्डर बाय @फलाट` मजकुराची तुलना करतं, तिथे `नंबर(@फलाट)` लिहायचं.

बरोबरी झाल्यावर काय? एक्सएसएलटी आधीचा क्रम राखतं. एक्सक्वेरी तशी हमी देत नाही, हवी असेल तर ऑर्डर बायच्या आधी स्टेबल लिहावं लागतं. हे न लिहिता वर्षानुवर्षं बरोबर आउटपुट येऊ शकतं आणि मग एका अपग्रेडनंतर येत नाही.

## पायरी ६: सॉर्टनंतर काय टिकतं, काय उडतं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सावकाश वाचा. सॉर्टने फाइल बदलत नाही. नोड आपापल्या जागीच बसलेले असतात, बदलते ती फक्त त्यांना भेट द्यायची यादी.

आकड्याने सॉर्ट केलेल्या फॉर-ईचमध्ये कोल्हापूर दुसरा आला, पोझिशन() २ सांगतो. तिथे "आधीच्या थांब्याशी तुलना करू" म्हणून `प्रिसीडिंग-सिब्लिंग::थांबा[1]` लिहिलंत. तुम्हाला हवा होता सातारा, मिळाला कराड, कारण फाइलमध्ये कोल्हापूरच्या आधी कराडच आहे. अनुक्रमांक टाकणारा एक्सएसएल-नंबर नुसता वापरला तर तोही मूळ जागाच मोजतो, कोल्हापूरला ४ देतो. सॉर्टनंतरचे अनुक्रमांक हवेत तर पोझिशन() छापा.

सॉर्ट झालेल्या यादीतला आधीचा हवा असेल तर यादी आधी व्हेरिएबलमध्ये पकडा. २.० पासून परफॉर्म-सॉर्ट आहे. व्हेरिएबलला टाइप देऊन मूळ नोडचीच यादी ठेवली तर `$रांग[2]` असं आकड्याने उचला, सिब्लिंग अजूनही मूळ फाइलमधलेच मिळतील. टाइप दिला नाही तर नोडच्या कॉपी होऊन नवं छोटं झाड बनतं, त्यात प्रिसीडिंग-सिब्लिंग सॉर्टप्रमाणे चालतो, पण त्या कॉपीला मूळ मार्ग हा पालक उरत नाही, तेव्हा वर जायचं असेल तर हा रस्ता बंद. १.० मध्ये कॉपी करून नोड-सेट एक्स्टेंशन लावावं लागतं, दुसरा इलाज नाही.

आता दुसरा खड्डा, आणि हा जास्त छुपा. एक्सक्वेरीत समजा लिहिलं:

`(फॉर $थ इन //थांबा ऑर्डर बाय नंबर($थ/@फलाट) रिटर्न $थ)/टेक्स्ट()`

अपेक्षा असते पनवेल, सातारा, मुंबई, कोल्हापूर... आणि येतं पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर... म्हणजे सॉर्ट झालंच नाही असं वाटतं. झालं होतं, पण शेवटच्या तिरक्या रेघेने मोडलं. तिरकी रेघ नोड परत देते तेव्हा ते पुन्हा डॉक्युमेंट ऑर्डरमध्ये लावते आणि डुप्लिकेटही काढते. ३.० पासून त्या जागी उद्गारचिन्ह वापरता येतं, `(…) ! टेक्स्ट()`, ते क्रमाला हात लावत नाही. गंमत म्हणजे `(…)/स्ट्रिंग()` लिहिलं तरी सॉर्ट टिकतं, कारण तिथे नोड नाही तर नुसती अक्षरं परत येतात आणि अक्षरांना फाइलमध्ये जागा नसते. त्यामुळे कोणी टेक्स्ट() च्या जागी स्ट्रिंग() टाकून "चाललं बुवा" म्हणतो आणि का चाललं ते कोणालाच कळत नाही.

तपासणी: सॉर्टच्या पुढे एक्सप्रेशनमध्ये कुठे तिरकी रेघ, उभी रेघ, इंटरसेक्ट किंवा एक्सेप्ट आहे का ते शोधा. ह्यातलं काहीही असलं आणि नोड परत येत असले तर तुमचा क्रम गेला.

## पायरी ७: एकत्र करणं, गट पाडणं, अनेक फाइल

उभी रेघ लावून कोल्हापूर आणि पुणे जोडले, कोल्हापूर आधी लिहून, तरी पुणेच आधी येणार. लिहिला तसा क्रम हवा तर २.० मध्ये स्वल्पविराम वापरा. १.० मध्ये दोन वेगळे अप्लाय-टेम्प्लेट्स एकाखाली एक लिहायचे, बस.

की() फंक्शन नोड फाइलच्या क्रमानेच वापरायला देतं, जुन्या गट पाडायच्या युक्तीत "की ने दिलेल्यांतला [1]" ह्यावरच सगळं उभं असतं. फॉर-ईच-ग्रुपमध्ये गट ज्या क्रमाने पहिल्यांदा दिसतात त्या क्रमाने येतात. पण ग्रुप-ॲडजेसंट फक्त शेजारी असलेल्यांनाच एकत्र करतो, डेटा विखुरलेला असेल तर एकाच नावाचे दोन-तीन गट पडतील. आधी सॉर्ट करा किंवा ग्रुप-बाय वापरा.

दोन फाइलींचे नोड उभ्या रेघेने जोडले तर एका फाइलचे सगळे सलग येतात, मधे मिसळत नाहीत, पण कुठली फाइल आधी हे प्रोसेसर ठरवतो. कोडमध्येच तयार केलेल्या, पालक नसलेल्या एलिमेंटचंही तसंच. फाइलींचा क्रम महत्त्वाचा असेल तर नावांच्या यादीवर फॉर-ईच फिरवा.

आउटपुट बनवताना ॲट्रिब्यूट आधी, मुलं नंतर. मजकूर लिहून झाल्यावर ॲट्रिब्यूट घालायला गेलात तर एरर येते, आणि १.० चे काही प्रोसेसर एरर न देता तो ॲट्रिब्यूट गुपचूप गाळतात.

## पायरी ८: डेटा मराठीत असेल तर

फलाट "९", "१०" असे देवनागरीत आले की नंबर() त्यांचं नॅन (NaN, म्हणजे "हा आकडाच नाही") करतं. सगळेच नॅन म्हणजे सगळेच सारखे, आणि एक्सएसएलटी बरोबरीत आधीचा क्रम राखतं, म्हणून एरर नाही, वॉर्निंग नाही, सॉर्ट मात्र ढिम्म. सॉर्टच्या सिलेक्टमध्ये `ट्रान्सलेट(@फलाट, '०१२३४५६७८९', '0123456789')` लावा. अर्धा डेटा देवनागरी आणि अर्धा इंग्रजी आकड्यांत असेल तर २.० पासून चढत्या क्रमात नॅनवाले सगळे वर जाऊन बसतात, हे दिसलं की कारण ओळखा.

मजकुराच्या सॉर्टला ळ नडतो. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व च्या मधे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. नुसत्या कोडपॉइंटने (अक्षराच्या युनिकोडमधल्या नंबराने) सॉर्ट केलं तर जत, जळगाव, जव्हार असं येतं. शब्दकोशाप्रमाणे हवं जत, जव्हार, जळगाव. सॉर्टला भाषा मराठी सांगा किंवा ३.१ वाल्या प्रोसेसरला युनिकोड कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) मराठीसाठी द्या, पण सांगितलं म्हणजे झालं असं धरू नका. प्रोसेसरकडे मराठीचे नियम नसले तर तो तुम्हाला न विचारता दुसरं काहीतरी वापरू शकतो. हीच तीन गावं टाकून आउटपुट बघा.

कऱ्हाडमधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण गट पाडताना दोन कऱ्हाड वेगळे पडतात आणि सॉर्टमध्ये लांब लांब जाऊन बसतात. २.० पासून `नॉर्मलाइझ-युनिकोड()` आहे, ते सॉर्ट आणि ग्रुप दोन्हींच्या की ला लावा. १.० वर असाल तर डेटा आत घेतानाच एकसारखा करून घ्या.